डोंगरउतारावरील घरें आणि त्यांच्या जमिनीची छाननी

मनुष्यास राहावयास घर हवें, आणि घरास उभें राहावयास सपाट जागा हवी. सपाट प्रदेशांत ही दुसरी गरज कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. आमचें परंडा गांव सीनेच्या खोऱ्यांत मोकळ्या भूमीवर वसलेलें असून बालाघाटच्या रांगा दूर राहिल्या आहेत. येथें घर बांधणारा मनुष्य पाया किती खोल घ्यावा हें विचारतो. डोंगर किती कापावा हें विचारण्याचा प्रसंग त्याजवर येत नाहीं. परंतु आपल्याकडील कितीएक कुटुंबें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यामुंबईकडे जातात, आणि तेथें डोंगराच्या अंगावर चढलेल्या वसाहतींत त्यांस बिऱ्हाड करावें लागतें. यास्तव डोंगरउतारावर घर बांधण्यापूर्वीं जमीन सपाट कशी करतात, त्या कामाची छाननी कशी व्हावी, आणि ती वेळेवर न झाल्यास काय घडतें, हें वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम उताराचें माप पाहूं. पांच हात पुढें गेल्यावर जमीन एक हात वर चढत असेल, तर त्यास एकास पांच उतार म्हणतात. अंशांत हा उतार साडेअकराहून किंचित् कमी भरतो व डोळ्यांस फारसा भयंकर दिसत नाहीं. आतां अशा उतारावर वीस मीटर लांब व वीस मीटर रुंद असा एक भूखंड घ्या. त्याच्या वरच्या व खालच्या कडेच्या उंचींत चार मीटरांचा फरक पडेल, म्हणजे एका मजल्याहून अधिक. तो सपाट करण्याची नेहमींची रीति अशी, कीं वरच्या अर्ध्या भागांत खोदाई करावयाची आणि निघालेला मुरूम व माती खालच्या अर्ध्या भागांत भराव म्हणून टाकावयाची. हिशेब केला तर ही खोदाई दोनशें घनमीटर होते, आणि तिचें वजन सुमारें साडेतीनशें टन भरतें. एका घरासाठीं इतकी जमीन जागची हलली! अशीं शंभर घरें बांधावयाचीं झालीं, तर रस्ते सोडूनहि वीस हजार घनमीटरांचें काम होतें. घर घेणारा मनुष्य नकाशांत खोल्या मोजतो. ही हललेली जमीन त्यास त्या नकाशांत दिसत नाहीं.

या हालचालीपासून दोन प्रकारचे धोके उत्पन्न होतात. वरच्या बाजूस जी उभी कड राहते, तिच्या पायाचा आधार आपण काढून घेतलेला असतो. खालच्या बाजूस जो भराव असतो, तो थराथरानें दाबून बसविला नसेल तर सैल राहतो व पावसाळ्यांत खचतो. घराचा अर्धा पाया खडकावर आणि अर्धा भरावावर आला, म्हणजे एक बाजू बसते, दुसरी बसत नाहीं, आणि भिंतींस तिरप्या भेगा पडतात.

खरा शत्रु मात्र पाणी होय. आपल्या दख्खनचे डोंगर लाव्ह्याचे थर एकावर एक बसून झालेले आहेत. कठीण काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्यें पुष्कळ ठिकाणीं तांबड्या चिकण मातीचा पातळ पट्टा आढळतो, आणि वरच्या अंगास झिजलेला खडक व मुरूम असतो. पावसाचें पाणी मुरमांतून व भेगांतून खालीं उतरतें, चिकण मातीपाशीं अडतें, आणि आडवें वाहून उतारावर झऱ्याच्या रूपानें बाहेर पडतें. हा झरा बुजविला, किंवा ओढ्यांत भराव टाकून त्याची वाट अडविली, म्हणजे पाणी आंत सांचूं लागतें. भिजलेल्या मातीचें वजन वाढतें, तिच्या कणांची परस्परांवरील पकड सुटते, आणि एके दिवशीं सारा उतार खालीं येतो.

आमचा शेतकरी हें शास्त्र पुस्तकावांचून जाणतो. चढणीच्या रानांत तो ताल घालतो, आणि ताल घालतांना सांडवा ठेवतो. ज्या तालीस सांडवा नाहीं ती पहिल्या मोठ्या पावसांत फुटणार, हें त्याच्या पोरासहि ठाऊक असतें. डोंगरावरील घराच्या संरक्षक भिंतीस हाच न्याय लागू आहे. भिंत कितीहि जाड असली, तरी तिच्या पाठीमागचें पाणी निघून जाण्यास छिद्रें व चर ठेवले नसतील, तर माती व पाणी या दोहोंचा भार तिजवर पडतो. मात्र शेतकऱ्याची ताल अनेक वर्षांत दगडादगडानें उभी राहते. आजचें यंत्र आठ दिवसांत टेकडीचा आकार पालटून टाकतें. कामाचा वेग वाढला, तसा आधीं विचार करण्याचा अवकाश कमी झाला.

म्हणूनच कायद्यानें हा विचार आधीं करावयास लाविलें आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्यांत ‘विकास’ या शब्दाचा अर्थ केवळ इमारत बांधणें असा केलेला नाहीं. जमिनीवर वा जमिनीच्या पोटांत केलेलें अभियांत्रिकी काम व खाणकाम हींहि त्यांत येतात. अर्थात् घराची वीट लागण्यापूर्वीं डोंगर कापणें हेंच परवानगी घेऊन करावयाचें काम होय. शिवाय खोदलेला मुरूम हा गौण खनिज असल्यामुळें महसूल खात्याचाहि संबंध येतो. राज्याच्या बहुतेक भागास २०२० सालीं लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनें एकास पांच किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकामास सामान्यतः मोकळीक ठेविली नाहीं. आपण वर जो भूखंड घेतला, तो नेमका या सीमेवरचा आहे, हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल.

चांगला तपासनीस घराच्या नकाशाआधीं जमिनीचा नकाशा मागतो. समान उंचीच्या स्थळांस जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यांत खऱ्या मोजणीनें काढल्या आहेत काय? खोदाई कोठें, किती खोल, आणि भराव कोठें, किती उंच? निघालेली जादा माती कोठें नेणार? ओढे व झरे कोणते, आणि पावसाळ्यांत त्यांचें पाणी कोणत्या वाटेनें जाणार? शेवटचा आणि अत्यंत महत्त्वाचा प्रश्न असा, कीं या भूखंडाच्या खालीं कोण राहतें? कारण डोंगर कापण्याचा लाभ वरच्यास होतो आणि त्याची किंमत बहुधा खालचा देतो.

हें म्हणणें केवळ कल्पनेचें नाहीं. जून २०१३ मध्यें पुण्याजवळ कात्रजच्या घाटापलीकडे, शिंदेवाडीच्या परिसरांत, डोंगरावरून आलेला पावसाचा लोंढा महामार्गावर उतरला, आणि मोटारीनें जाणारी एक माता व तिची लहान मुलगी वाहून गेली. डोंगर फोडून पाण्याच्या नैसर्गिक वाटा अडविल्या गेल्याचा प्रश्न त्या वेळीं पुढें आला. त्या मायलेकींचा त्या डोंगराशीं कोणताहि संबंध नव्हता. त्या केवळ रस्त्यानें चालल्या होत्या.

छाननीची वेळ चुकल्यास काय होतें, याचें उदाहरण मोसे नदीच्या खोऱ्यांतील लवासा या गिरिनगराचें आहे. तेथें रस्ते व इमारती पुष्कळ उभ्या राहिल्यानंतर नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें, आवश्यक ती पूर्वसंमति घेतली नाहीं या कारणावरून, काम थांबविलें. डोंगराच्या कापणीचीहि त्या वेळीं चर्चा झाली. पुढें नोव्हेंबर २०११ मध्यें अटी घालून पहिल्या टप्प्यास संमति देण्यांत आली. या वादांत कोणाचें किती चुकलें, याचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. परंतु कापलेली टेकडी पुन्हा जोडतां येत नाहीं, आणि उभ्या घरांकडे पाहून तपासनिसाचा हात आंखडतो, इतकें यावरून उघड होतें.

याच्या उलट, आधीं विचार करण्याचाहि एक प्रयत्न पुण्यास झाला. १९९७ सालीं महानगरपालिकेंत आलेल्या तेवीस गांवांतील टेकड्यांची सुमारें ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठीं राखावी कीं नाहीं, यावर कित्येक वर्षें वाद चालला, आणि २०१५ सालीं शासनानें तें आरक्षण मान्य केलें. जमिनीच्या मालकांची बाजूहि येथें ऐकली पाहिजे. ज्याची जमीन अडकली, त्यास योग्य मोबदला मिळाला नाहीं, तर तो नियमाचा मित्र कसा होईल? असा नियम फार काळ टिकत नाहीं. त्याच्या आडून चोरून बांधकामें मात्र वाढतात.

आणखी एक गोष्ट विसरतां कामा नये. उतारावर राहणारे सर्वच लोक हौसेनें तेथें गेलेले नसतात. १२ जुलै २००० रोजीं मुंबईंत घाटकोपर येथें टेकडीचा भाग कोसळून सत्तरांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. तीं झोंपड्यांतून राहणारीं गरीब माणसें होतीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापुराकडील इर्शाळवाडी या वस्त्या दरडीखालीं गेल्या. तेथें तर पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें होतीं. ज्यांस सपाटीवर जागा परवडत नाहीं त्यांच्यासाठीं नियमांचें पुस्तक पुरेसें नाहीं. त्यांस सुरक्षित जागा देणें हेंहि नियोजनाचेंच काम होय.

शुभवर्तमानांतील दोन घरांचा दृष्टांत आपणां सर्वांस परिचित आहे. एकानें खडकावर घर बांधलें, दुसऱ्यानें वाळूवर. पाऊस आला, पूर लोटले, आणि दुसऱ्याचें घर पडलें. डोंगरावर घर बांधणाऱ्यानें या दृष्टांताचा आणखी थोडा विचार करावा. आपलें घर खडकावर उभें राहिलें, एवढ्यानें त्याचें कर्तव्य संपत नाहीं. आपल्या अंगणांतलें पाणी शेजाऱ्याच्या दारांत तर जात नाहीं ना, हेंहि त्यानें पाहावयास हवें.

आमचे विद्यार्थी उद्यां घर घेणारे, बांधणारे, कदाचित् परवानगी देणारेहि होतील. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांकडून लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें, आणि तो नकाशा स्वतः उघडून पाहावा. भूगोलाच्या तासास शिकविलेल्या समोच्च रेषा जेथें एकमेकींस चिकटून आलेल्या दिसतील, तेथें उतार तीव्र आहे असें समजून पहिला प्रश्न तेथेंच विचारावा, आणि तो यंत्र डोंगराला लागण्यापूर्वीं विचारावा.