संशोधनप्रश्न: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रकल्पाचा विषय ठरला की प्रश्नही ठरला, हा विद्यार्थ्यांमधला सर्वांत रुळलेला गैरसमज. ‘गावातील पाणीटंचाई’ हा विषय आहे. काय मोजायचे, कुठे आणि किती दिवस, हे त्यातून कळत नाही. ‘शेततळ्यालगतच्या विहिरीची पाणीपातळी दिवाळी ते होळी या काळात दूरच्या विहिरीपेक्षा हळू उतरते का?’ असे विचारले की दोरी, टेप आणि आठवड्याची नोंद एवढ्यावर काम सुरू होते. पुढच्या अडचणीही लगेच दिसतात: दोन्ही विहिरी सारख्याच खोल आहेत का? पंप कोणत्या विहिरीवर जास्त चालतो?

ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे येते तो प्रश्न पोरकट, आणि आधी कोणी विचारलेला प्रश्न तर वायाच गेला, असेही मानले जाते. या दोन्ही समजुतींना एकच उदाहरण पुरते. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन युरोपातून बोटीने परतत होते. समुद्र निळा का दिसतो, याचे उत्तर तेव्हा तयार होते, तेही लॉर्ड रॅले यांच्यासारख्या मातब्बराचे: ती आकाशाची परावर्तित निळाई. रामन यांनी हाच जुना प्रश्न तपासण्याजोगा केला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश अडवला, तर निळाई उरते का? परावर्तित प्रकाश गाळू शकणाऱ्या निकोल प्रिझममधून योग्य कोनात पाहताच चकाकी गेली आणि निळाई उलट खुलली. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असा निष्कर्ष त्यांनी मुंबई बंदरातून ‘नेचर’ला कळवला. पाणी तांबडा प्रकाश शोषते हेही निळाईचे मोठे कारण आहे, म्हणजे रामन यांचे उत्तर अपुरे होते. प्रश्न मात्र नेमका होता. प्रकाशाच्या विकिरणावरील त्याच कामातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणाम हाती आला.

प्रश्न एकदा लिहिला की बदलायचा नसतो, हेही खरे नाही. प्राथमिक पाहणीत दूरची विहीर कार्तिकातच आटते असे कळले, तर विहीर किंवा कालावधी बदलावाच लागतो. आकडे हाती आल्यावर त्यांना शोभेल असा प्रश्न मागाहून लिहिणे ही मात्र लबाडी, आणि शाळेच्या प्रदर्शनांत ती सर्रास चालते. दोन्ही विहिरी सारख्याच वेगाने उतरल्या, तर प्रकल्प फसला असे होत नाही. त्या दोन विहिरींपुरता, त्या हंगामात फरक आढळला नाही, असा निष्कर्ष मोजमापांसह मांडायचा असतो.