वैशाखातले रिकामे हात

गेल्या वैशाखात एका आप्तांकडील मुंजीच्या निमित्ताने जोयड्याला जाण्याचा योग आला. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हा तालुका गोव्याच्या सीमेला लागून, सह्याद्रीच्या दाट रानात पसरलेला आहे. जुने ठाणे सुपे. काळी नदीवर धरण झाले, ते गाव पाण्याखाली गेले आणि कचेऱ्या जोयड्याला आल्या. बाजारात कन्नडबरोबर कोकणी आणि मराठीही कानावर पडते. त्यामुळे आम्हां बडोदेकरांना तेथे अगदीच परके वाटत नाही.

मुंज आटोपल्यावर संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात फिरत होतो. दोन तरुण अनवाणी शर्यत लावीत होते. एक कुणबी, दुसरा सिद्दी. सिद्दी म्हणजे शतकांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांचे वंशज. रतनपूरच्या बावा गोरच्या दर्ग्यामुळे गुजरातेत राहणाऱ्या आपल्याला ते अपरिचित नाहीत. धावून झाल्यावर दोघे माझ्याजवळ येऊन बसले. "सुट्टीत काय करता रे?" मी सहज विचारले.

"काका, सुट्टी शाळेतल्या पोरांना," कुणब्याचा मुलगा हसून म्हणाला. "आम्हांला कामच नसते. त्याला सुट्टी म्हणत नाहीत."

त्याचे म्हणणे खरे होते. या भागात भात पावसाळ्यात होते, आणि ज्या कंदांसाठी जोयड्याचे कुणबी प्रसिद्ध आहेत ते हिवाळ्यात खणावयाचे. होळीपासून मृगापर्यंत हात रिकामे. गणेशगुडीला काळी नदीच्या पाण्यावर रबरी होड्यांतून प्रवाशांना नेण्याचे काम काही तरुणांना मिळते. पण धरणातून पाणी सुटेल त्यावर ते अवलंबून. उरलेले गोव्याची वाट धरतात.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. 2005 च्या केंद्रीय कायद्याने खेड्यातील कुटुंबाला वर्षातून 100 दिवस काम मागण्याचा हक्क दिला. परंतु हे दिवस कुटुंबाचे होते, माणसाचे नव्हते. घरात कमावती वयाची चार माणसे असली तर प्रत्येकाच्या वाट्याला 25 दिवस. त्यांतही आईबाप आधी जाणार, अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा शेवटी.

खेळाचेही तसेच झाले. 1987 मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना हेरून धावण्याचे शिक्षण द्यावयास आरंभ केला. राहणे, जेवण, शिक्षण, सारे सरकारी खर्चाने. यांतूनच कमला सिद्दीसारखी धावपटू पुढे आली. पण काही वर्षांतच, 1993 च्या सुमारास, ती योजना गुंडाळली गेली. पुन्हा तिला हात घातला गेला तो सुमारे दोन दशकांनंतर. खजिन्याच्या हिशेबात दोन दशके म्हणजे काही पाने. पण धावणाऱ्याचे वय तितके थांबत नाही. त्या काळात जी मुले पंधरा वर्षांची होती, ती योजना परत आली तेव्हा पस्तिशीच्या घरात गेलेली होती.

आणखी एक गोष्ट त्या मैदानात माझ्या मनाला लागली. 2003 साली या जिल्ह्यातील सिद्दी अनुसूचित जमातींत आले. त्याच साली गोव्यातील कुणबीही आले. पण सीमेच्या अलीकडच्या, जोयड्याच्या कुणब्यांना त्या यादीत जागा मिळाली नाही. एकाच मैदानावर, सारख्याच अनवाणी पायांनी धावणारे हे दोन मित्र. पण कागदावर त्या दिवसापासून एक रेषेच्या आत, दुसरा बाहेर. भूक आणि उमेद मात्र दोघांची एकच.

मग करावे काय? उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडते. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते 1975 चे पाऊल. या हमीसाठी व्यवसायकर बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराच्या पगारातून दरमहा थोडे पैसे कापले जात आणि त्यांतून खेड्यातला रस्ता, बंधारा होई. योजनेला स्वतःचा झरा मिळाला. दर वर्षी कोणाच्या मर्जीकडे डोळे लावून बसण्याची पाळी आली नाही.

आपल्या जुन्या घरांना ही रीत नवी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. कोणत्याही घरावर फार भार नसे, पण विद्यार्थ्याला मात्र पक्के ठाऊक असे की उद्या आपण कोठे जेवणार. त्या भरवशावर तो अभ्यास करी. मुंजीतली भिक्षावळ थाटाची खरी, पण ती एका दिवसाची. शिक्षण पुरे झाले ते वारांवर.

तरुणांसाठी सरकार पैसा देते तो बहुधा भिक्षावळीसारखा: समारंभाने, एकदाच. जोयड्याच्या मुलांना तो वारासारखा हवा आहे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण वैशाख आला की काम आणि मैदान दोन्ही ठरलेली असावीत, आणि दोघा मित्रांपैकी कोणाला यादीकडे पाहावे लागू नये.

मी उठलो तेव्हा उजेड जवळजवळ गेला होता. "आणखी एक फेरी," सिद्दी मुलगा म्हणाला, आणि दोघे पुन्हा धावू लागले. कोण पुढे होते, ते त्या अंधारात मला ओळखता आले नाही.