वायतुऱ्याचं उथळ पाणी



उथळ पाण्याला खळखळाट फार, असं म्हणत आपण उथळ पाण्याला कमीच लेखतो. त्यात आपला धाराशिव जिल्हा दुष्काळी. डोक्यावरून घागरी वाहिलेल्या बाईला तळं खोल झालेलंच आवडणार. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ निघाला, शेतात पडला. ते हवंच होतं. पण प्रत्येक उथळ पाणी खोल करण्यासाठीच असतं का? आज वायतुऱ्याची गोष्ट ऐका, मग ठरवा.

वायतुरा ही पाणवनस्पती. साताऱ्याजवळच्या कास पठारावर आणि सह्याद्रीतल्या तशाच काही पठारांवर ती उगवते, जगात दुसरीकडे नाही. १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि साताऱ्यावरूनच नाव दिलं, 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस'. तिचा तुरा वर दोन फाट्यांत फुटतो, इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा. म्हणून वायतुरा.

ती जगते कशी बघा. पठारावर जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात खळग्यांत थोडंसं पाणी साचतं. मातीतल्या कंदाला पानं फुटतात, तुरे येतात, बी धरतं. पाऊस सरला की खळगा आटतो आणि कंद पुढच्या पावसाची वाट पाहत मातीत झोपून राहतो. सारा संसार पावसाळ्यापुरता.

शिवाय पपईसारखीच हिची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी. एखाद्या खळग्यात नुसती नर झाडं उरली, तर बी कुठून येणार? म्हणून "चार उपटली तर काय बिघडलं," हे इथे चालत नाही.

आज ही वनस्पती संकटग्रस्त मानली जाते. खळग्यातून गाड्या गेल्या की माती दबते, कंद चिरडतात. रस्ता, बांधकाम, खोदाई झाली की पाणी एकतर वाहून जातं, नाहीतर खोल साचतं. कंद बागेत नेऊन लावता येईल, पण पठारावरचा खळगा कसा नेणार? म्हणजे झाड वाचवायचं तर त्याची जागाच वाचवावी लागते. २०१२ मध्ये कास पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आलं. तिथे फुलांच्या हंगामात रोज किती पर्यटक सोडायचे ते ठरवतात, आणि भोवतालच्या गावांच्या समित्या राखण करतात.

वायतुरा आपल्याकडे उगवत नाही. पण तळ्याची दलदलीची कड, माळावरचं पावसाळी डबकं आपल्याकडेही आहे. तिथे काय उगवतं, हे शेळ्या राखणाऱ्या, रानभाजी खुडणाऱ्या बाईइतकं कुणाला ठाऊक असणार?

हे ज्ञान कागदावर आणायची सोय आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता समिती असायला हवी, आणि गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंदवही तयार व्हायला हवी. २००४ च्या नियमांनी या समितीत किमान एकतृतीयांश जागा बायकांना दिल्या. तेव्हा ग्रामसभेत विचारा, "आपल्या गावाची वही कुठे आहे?" श्रावण-भाद्रपदात पाण्याकाठी जे दिसेल, ते तिच्यात लिहायला लावा. तळं खोल करायचं ठरलं, तर मधोमध करा, एक कड उथळच राहू द्या.

पिण्याचं पाणी आधी, यात वाद नाही. फक्त जेसीबी यायच्या आधी एकदा कडेकडेनं चालून या.