सळईचा मधला वीतभर भाग

मलकापूरबाहेर, रत्नागिरी रस्त्याकडेच्या एका वीटभट्टीवर कोळशाचा ढीग वाफाळत होता. आदल्या आठवड्यात वळीव पडून गेला होता, त्यानंतर चार दिवस कडक ऊन. मला वाटलं, ओल उडतेय. भट्टीवरच्या काकांनी लांब लोखंडी सळई ढिगात खुपसली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि ओढून माझ्यापुढे धरली. टोक कोमट होतं, ढिगाबाहेर राहिलेला भाग गार. मधल्या वीतभराला मात्र बोट टेकवेना.

"पाणी मारून काय हुईत न्हाय. आदी पसराय पायजे," म्हणत त्यांनी खोरं उचललं.

त्या वीतभरातच सगळं आहे. कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि थोडी थोडी ऊब सोडत राहतो. पृष्ठभागावरची ऊब वारा घेऊन जातो. अगदी खोल हवाच पोचत नाही. मधे हवा पोचते, पण ऊब कोंडते. चुरा जितका बारीक, तितका जास्त कोळसा हवेला उघडा. वाळलेल्या कोळशाला पुन्हा ओल लागली की तीही ऊब वाढवते. एका टप्प्यानंतर तापमान भराभर चढतं. काडी न लावता आग.

भट्टीवर खोरं चालतं. चंद्रपूर, बल्लारपूर, वणीकडच्या भूमिगत खाणींत ते कुठे चालवणार? तिथे आधी कोळशाचे खांब राखून खोदतात, मग खांबही काढत मागे सरकतात आणि छत बसू देतात. मागे उरलेल्या त्या ढासळलेल्या पोकळीला खाणीत 'गोफ' म्हणतात. तिथे राहून गेलेला चुरा, तडे, त्यांतून झिरपणारी मंद हवा: ढिगाचा तोच मधला भाग, फक्त एकरांनी मोजावा असा. माणसाला तिथे पाऊल टाकता येत नाही. म्हणून पॅनेल, म्हणजे खाणीतला एकेक खोदायचा भाग, आखतानाच हिशेब करतात की कोळसा आपोआप पेटायला जितके महिने लागतात, त्याआधी ते उरकून बंद झालं पाहिजे. उशीर झाला की धोका वाढतो, आणि हा उशीर कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही.

दिसतात त्या खुणा. छताला, टेकूंना घाम फुटतो. हवा धुरकट होते, रॉकेलसारखा वास येतो. त्याच्याही आधी कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. त्याला ना रंग ना वास. म्हणून तो मोजावा लागतो, आणि एका दिवसाच्या आकड्यावर न थांबता रोजचा चढ पाहावा लागतो. झरियाच्या कोळसाखाणींत १९१६ साली पहिली आग आढळली आणि पुढे शतकभर तिथे आगी धुमसत राहिल्या, हे लक्षात घेतलं की या रोजच्या मोजणीचं मोल कळतं.

मग पॅनेल बंद करायला त्याच्या वाटांवर भिंत बांधतात, बहुधा विटांचीच. छत, जमीन आणि दोन्ही बाजूंना खोबण पाडून ती घट्ट बसवतात. तरी बाहेरचा हवेचा दाब उतरला की आतला वायू फटींतून बाहेर येतो, दाब चढला की ताजी हवा आत शिरते. भिंत श्वास घेते. म्हणून तिच्यात तोटी लावलेली नळी ठेवतात आणि आतल्या हवेचा नमुना काढत राहतात. घाईने भिंत फोडली तर स्फोट होऊ शकतो.

काकांनी ढीग गुडघाभर उंचीचा पसरला होता. जवळच कच्च्या विटा उन्हात वाळत होत्या. त्यांनी सळई पुन्हा खुपसली.