लस चुकते ती कशामुळे?

दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागांतल्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांकडे निघतात. सोबत लेकरंही असतात. हंगाम सरून ती परततात, तेव्हा काहींच्या लसीकरण कार्डावरचे रकाने कोरेच राहिलेले असतात. ‘अडाणी आहेत, लसीला घाबरतात’ असं म्हणून मोकळं होणं सोपं; वर्तनशास्त्र काय म्हणतं ते पाहू.

गैरसमज : पालकांना लसीचं महत्त्वच पटलेलं नसतं.
वस्तुस्थिती : पटलं तरी पाय दवाखान्याकडे वळतातच असं नाही. १९५०च्या दशकात अमेरिकेत मांडल्या गेलेल्या आरोग्यविषयक वर्तनाच्या सिद्धांतानुसार माणूस आजाराचा धोका, उपायाचा फायदा आणि वाटेतल्या अडचणी तोलून पाहतो. फडात अडचण रोकडी असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. तापलेल्या लेकरापाशी आई कोपीवर थांबली, की खाडा पडतो. गोवर झाला तर पुढं कधीतरी, खाडा मात्र आजच.

गैरसमज : ताप आला म्हणजे लस बाधली.
वस्तुस्थिती : पेंटाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येणं नेहमीचं आहे. पण आपण टोचून घेतलेल्या सुईचा ताप मनाला लागतो; लस न दिल्यानं झालेला गोवर नशिबावर जातो. हा कल शिकल्यासवरल्यांतही आढळतो. म्हणूनच ताप येईल आणि आल्यावर काय करायचं, हे नर्सबाईनं टोचण्याआधीच सांगायला हवं.

गैरसमज : एक डोस हुकला की सगळं पहिल्यापासून, तेही गावच्याच उपकेंद्रात.
वस्तुस्थिती : फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचा नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला डोस नेमका नोव्हेंबरात, टोळी बाहेर असताना येतो. तो कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातही मोफत मिळतो. राहून गेला, तरी पाच वर्षांपर्यंत देता येतो. आधीचे डोस वाया जात नाहीत.

गैरसमज : नीट समजावलं की झालं.
वस्तुस्थिती : उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग बोलका आहे. एरवी जेमतेम ६ टक्के मुलांचं लसीकरण पूर्ण होत होतं. शिबिर न चुकता भरू लागलं तिथं ते १८ टक्के झालं; प्रत्येक लसीमागं किलोभर डाळ आणि शेवटी ताटांचा संच मिळाला तिथं ३९ टक्के.

बीडसाठी धडा सरळ आहे : टोळी निघण्याआधी आशाताईंनी पुढच्या डोसची तारीख कार्डावर ठळक लिहून द्यावी, कार्ड आईच्या पिशवीत जावं आणि कारखान्याच्या तळावर लसीकरण संध्याकाळी, तोड आटोपल्यावर व्हावं.