सैनिकी तळावरील मूल आणि दोन यंत्रणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बालकांच्या संरक्षणाचा अधिकार राज्यांकडे आहे. मुलाची हेळसांड वा छळ होत असल्याची वर्दी आली म्हणजे राज्याची बालसंरक्षण यंत्रणा चौकशी करते आणि प्रसंगी न्यायालयाच्या अनुज्ञेने मुलास आईबापांपासून दूर ठेवते. सैनिकी तळावर मात्र हिच्या जोडीला दुसरी एक यंत्रणा उभी आहे. संरक्षण खात्याचा ‘फॅमिली ॲडव्होकसी प्रोग्रॅम’ १९८१ च्या आदेशान्वये सर्व सेनादलांस लागू झाला. कुटुंबास उपचार व समुपदेशन पुरविणे हे त्याचे कार्य होय. मूल ताब्यात घेण्याचा अधिकार त्यास नाही.

वर्दी यांपैकी कोणाकडे जाते, यावर पुष्कळ अवलंबून राहते. दोन्ही यंत्रणांची परिभाषाही एक नाही. राज्याचा अधिकारी आरोपास पुरेसा आधार मिळाला की नाही हे राज्याच्या कायद्यातील व्याख्येनुसार ठरवितो. सैनिकी समिती, कृत्य आणि त्याचा मुलावर झालेला वा संभाव्य परिणाम या दोहोंचे निकष ‘पूर्ण झाले’ की नाहीत, यावर बहुमत घेते. एकाच घटनेस एकीकडे होकार व दुसरीकडे नकार मिळावा, आणि दोन्ही निर्णय नियमास धरून असावेत, हे त्यामुळे संभवते. शब्दाची व्याख्या ही केवळ कोशकाराची चिंता नव्हे, हे येथे ध्यानात यावे.

प्रश्न किरकोळ नाही. २००१ ते २००४ या काळातील भूदलाच्या नोंदींवरून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पूर्वी गैरवर्तनाची नोंद झालेल्या कुटुंबांचा विचार केलेला आहे. सैनिक मोहिमेवर असताना या घरांतील गैरवर्तनाचे प्रमाण एरवीपेक्षा ४२ टक्क्यांनी अधिक होते. हेळसांड तर जवळजवळ दुप्पट. युद्धावर गेलेल्या माणसापेक्षा मागे एकट्या उरलेल्या पालकाचाच हा प्रश्न अधिक दिसतो. शिवाय तक्रार केली तर ती पतीच्या वरिष्ठांच्या कानी जाणार, हे भय त्या पालकास गप्प बसविण्यास पुरेसे असते.

२००५ साली हवाईमधील लष्करी वसाहतीत पाच वर्षांची एक मुलगी पित्याच्या मारहाणीने मरण पावली. सैनिकी यंत्रणेस छळाची कुणकुण असूनही राज्यास ती कळविली गेली नाही, असा आईचा दावा होता. २०१५ साली केंद्र सरकारने वीस लक्ष डॉलर देऊन तो मिटविला. पुढील वर्षी संमत झालेल्या कायद्याने, संशय येताच राज्याच्या यंत्रणेसही थेट वर्दी देणे संबंधित सैनिकी कर्मचाऱ्यांवर बंधनकारक झाले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या कायद्याची निकड मागाहून दाखवून दिली: २००४ ते २००७ या काळात भूदलातील सैनिकांच्या ज्या मुलांबाबत वैद्यकीय कागदपत्रांत छळाचे निदान होते, त्यांपैकी सुमारे पंचमांशांचीच नोंद सैनिकी कार्यक्रमात आढळली.

वर्दी बाहेर जाण्याची वाट कायद्याने मोकळी केली. परंतु सैनिकाची बदली दर दोनतीन वर्षांनी होते आणि राज्यांच्या नोंदी एकत्र जोडणारी देशव्यापी नोंदवही अद्याप नाही. एका राज्यात नोंद झालेले मूल दुसऱ्या राज्याच्या अधिकाऱ्यास बहुधा नवखेच असते.