वरून चकचकीत, खालून सडलेली: मिठाच्या हिवाळ्यात गाडीला चढणारा गंज

उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांच्या पट्ट्यात, म्हणजे टोरोंटो, डेट्रॉइट, शिकागो, बफेलो या भागांत राहणारी मराठी मंडळी गाडीची काळजी मनापासून घेतात. तेल वेळेवर बदलतात, नोव्हेंबर लागला की हिवाळी टायर चढवतात, सुट्टीच्या दिवशी काचा पुसतात. तरीही पाच-सात हिवाळे झाल्यावर गाडी लिफ्टवर चढते, मेकॅनिक टॉर्च मारतो आणि खाली सगळीकडे तपकिरी पापुद्रे सुटलेले दिसतात. वरचा रंग मात्र अजून नव्यासारखा असतो. अशा वेळी मालकाचा निष्काळजीपणा क्वचितच कारणीभूत असतो. बहुतेकदा त्याने ऐकीव माहितीवर विश्वास ठेवलेला असतो, आणि गंजाबद्दलची बरीचशी ऐकीव माहिती चुकीची आहे.

आधी मिठाबद्दल थोडं. ऑन्टारिओत गॉडरिच नावाचं गाव आहे. तिथे ह्यूरॉन सरोवराच्या तळाखाली, सुमारे ५५० मीटर खोलीवर, जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. डेट्रॉइट शहराच्या पोटातही साडेतीनशे मीटरच्या आसपास मिठाची खाण चालते. अशा खाणींतलं मीठ हिवाळ्यात रस्त्यांवर पसरलं जातं. एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडतं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उणे ९ अंशांच्या खाली फारसं उपयोगी पडत नाही. म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

“थंडीत गंज चढत नाही, आणि गाडी गरम गॅरेजमध्ये असेल तर काळजीच नको”

या वाक्यात दोन गैरसमज आहेत आणि त्यातला दुसरा जास्त महागात पडतो.

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि ऑक्सिजन पुरेसे असतात. मीठ दोन प्रकारे ही क्रिया वाढवतं. खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विद्युत-रासायनिक क्रिया आहे. शिवाय क्लोराइडचे आयन धातूवरचा संरक्षक थर जागोजागी फोडतात. थंडीत हे सगळं मंदावतं, एवढा भाग खरा. पण थांबत नाही, कारण मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही. पुरेसं मीठ असेल तर ते उणे २१ अंशांपर्यंत पातळ राहू शकतं. रस्त्यावर बर्फ दिसत असतो तेव्हाही गाडीच्या खालच्या सांध्यांमध्ये खारं पाणी ओलंच असतं.

आता गरम गॅरेजचं पाहू. बाहेर उणे १५ अंशांत उभ्या असलेल्या गाडीखालचा चिखलबर्फ गोठलेला असतो आणि त्या अवस्थेत तो फार नुकसान करत नाही. तीच गाडी रोज संध्याकाळी १० ते १५ अंशांच्या गॅरेजमध्ये आली की बर्फ वितळतो, मिठाचं पाणी फटींमध्ये शिरतं आणि रात्रभर उबेत आपलं काम करतं. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे शाळेत शिकलेलं तत्त्व इथे आपल्या विरोधात जातं.

“सकाळपर्यंत वाळतं की,” असं उत्तर यावर ऐकू येतं. इथे ती दोन नावं कामाला येतात. पावसाळ्यात घरातल्या बरणीतलं मीठ ओलं होतं, कारण हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइडला त्यासाठी जेमतेम ३० ते ३५ टक्के आर्द्रता पुरते. म्हणजे आपल्याला कोरड्या वाटणाऱ्या हवेतही ती दोन्ही ओली राहतात. गाडी वाळल्यासारखी दिसते, पण पत्र्याच्या घडीतला थर वाळलेला नसतो.

म्हणून गॅरेज सोडून द्या, असं मी म्हणत नाही. सकाळी काचा खरवडायच्या नसतील तर गॅरेजसारखं सुख नाही. पण गॅरेज गरम असेल तर गाडी खालून धुण्याची गरज वाढते, हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं.

“हल्लीच्या गाड्यांना जस्ताचा मुलामा असतो, त्या गंजत नाहीत”

बाहेरच्या पत्र्यापुरतं हे बऱ्याच अंशी खरं आहे. पोर्शने १९७० च्या दशकात आणि औडीने १९८० च्या दशकात गाडीचा सगळा सांगाडा जस्त चढवलेल्या पोलादाचा करून दाखवला, आणि पुढे ही पद्धत बहुतेक कंपन्यांनी कमी-अधिक प्रमाणात उचलली. जस्त स्वतः झिजतं आणि पोलाद वाचवतं. दारं आणि चाकांवरच्या कमानी पूर्वीसारख्या चार वर्षांत भोकं पडून जात नाहीत, याचं श्रेय जस्ताला आणि सुधारलेल्या रंगकामाला आहे.

पण गाडीचं वजन पेलणारे आणि गाडी थांबवणारे भाग वेगळे असतात. सबफ्रेम, सस्पेन्शनचे दांडे, ब्रेकच्या नळ्या, इंधनाच्या टाकीचे पट्टे, पिकअप ट्रकची चासी यांतल्या बऱ्याच भागांवर फक्त रंग किंवा साधं आवरण असतं. टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा आणि सिकोया या गाड्यांच्या चासी गंजल्याच्या दाव्यात २०१६ मध्ये अमेरिकेत तडजोड झाली. तिची एकूण किंमत ३ अब्ज ४० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकते, असा तेव्हाचा अंदाज होता. ज्या कंपनीच्या गाड्या टिकाऊपणासाठी ओळखल्या जातात तिची ही गोष्ट आहे.

अॅल्युमिनियमची बॉडी म्हणजे सुटका, हेही अर्धंच खरं. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० ट्रकला अॅल्युमिनियमची बॉडी दिली, पण तिच्याखालची चासी पोलादाचीच राहिली. जिथे अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकतात आणि मध्ये खारं पाणी असतं, तिथे अॅल्युमिनियम अधिक वेगाने झिजतं. विजेवरच्या गाडीला सायलेन्सर नसतो, म्हणून तेवढा एक गंजका भाग कमी. मात्र तिचा वेग बराचसा मोटरच कमी करते, ब्रेक कमी वापरले जातात, आणि घासलं न गेल्याने ब्रेकच्या चकत्यांवर गंज साचून राहतो.

कंपनीची गंजाची वॉरंटी वाचताना एक गोष्ट बघा. ती सहसा बॉडीच्या पत्र्याला आतून बाहेर आरपार भोक पडलं तरच लागू होते. वरवरचा गंज, ब्रेकच्या नळ्या आणि सायलेन्सर तिच्यात साधारणपणे येत नाहीत.

“गंज हा दिसण्याचा प्रश्न आहे”

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या गैरसमजाची. दारावरचा फोड डोळ्यांना खुपतो म्हणून माणूस त्यावर पैसे खर्च करतो आणि गाडीखालची ब्रेकची नळी तशीच राहते.

ब्रेकच्या तेलाच्या नळ्या बहुतेक गाड्यांत पोलादाच्या आणि पेन्सिलीपेक्षाही बारीक असतात. त्या गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जातात. जिथे त्या क्लिपने धरलेल्या असतात तिथे, आणि इंधनाच्या टाकीच्या वरच्या बाजूला, खारा चिखल अडकतो. नळी बाहेरून आत झिजत जाते. रोजच्या हलक्या ब्रेकने तिला काही होत नाही. ती फुटते जोरात ब्रेक दाबल्यावर, कारण तेलाचा दाब तेव्हाच सर्वाधिक असतो. म्हणजे मूल अचानक रस्त्यावर आलं, पुढची गाडी थांबली, नेमक्या त्या क्षणी. आधुनिक गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक फुटला तरी दुसरा उरतो. पण पॅडल खोल जातं आणि गाडी थांबायला बरंच जास्त अंतर लागतं.

अमेरिकेची रस्ता-सुरक्षा यंत्रणा, एनएचटीएसए, हिने जुन्या पिकअप आणि एसयूव्ही गाड्यांच्या गंजलेल्या ब्रेक नळ्यांची अनेक वर्षं चौकशी केली आणि २०१५ मध्ये ती बंद केली. हा एखाद्या मॉडेलमधला दोष नसून मिठाच्या प्रदेशात वय झालेल्या गाड्यांचा प्रश्न आहे, असा तिचा निष्कर्ष होता. त्यासोबत मालकांना सूचना दिल्या गेल्या: हिवाळ्यात गाडी खालून नियमित धुवा, वसंतात एकदा कसून धुवा, नळ्या तपासून घ्या, आणि नळी गंजलेली आढळली तर तेवढा तुकडा न जोडता सगळा संच बदला. शेवटची सूचना खर्चिक वाटते, पण जी नळी एका ठिकाणी झिजली ती शेजारच्या क्लिपखालीही झिजलेली असण्याची शक्यता मोठी असते. बदलताना तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी मिळाली तर तीच घाला. व्होल्वोने १९७० च्या दशकापासून ती वापरली आहे. मिठाला ती पोलादापेक्षा कितीतरी चांगली तोंड देते आणि वाकवायलाही सोपी जाते.

“एकदा कोटिंग केलं की गाडी जन्मभर सुरक्षित”

शोरूममध्ये सह्या करताना तीन प्रकारच्या गोष्टी गळ्यात मारल्या जातात.

पहिली, काळं रबरी कोटिंग. नव्या, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावर नीट बसवलं तर ते खडीच्या माऱ्यापासून वाचवतं. पण काही वर्षांनी त्याला चिरा पडतात. मग खारं पाणी आत शिरतं आणि कोटिंगखाली अडकून बसतं. बाहेरून सगळं काळंभोर आणि सुरक्षित दिसत असताना आतला पत्रा सडतो. आधीच गंजलेल्या पत्र्यावर असं कोटिंग मारणं तर निव्वळ नुकसान आहे.

दुसरी, तेलाचा किंवा लोकरीतल्या मेणाचा, म्हणजे लॅनोलिनचा फवारा. तो वाळून कडक होत नाही, सांध्यांत सरपटत जातो, पाण्याला बाहेर ढकलतो, आणि थोडा गंज असलेल्या पत्र्यावरही चालतो. माझं मत विचाराल तर मिठाच्या प्रदेशात पैसे घालायचे ते इथे. याची अट एकच आहे, तो दरवर्षी करावा लागतो. शरद ऋतूत, मीठ पडण्याआधी, गाडी कोरडी असताना करावा. नंतर काही दिवस खाली तेलाचे थेंब गळतात, तेव्हा गाडीखाली पुठ्ठा घाला. फवारा ब्रेकच्या चकत्यांवर किंवा सायलेन्सरवर जाऊ नये, एवढं काम करणाऱ्याला आठवणीने सांगा.

तिसरी, बॅटरीला जोडायची इलेक्ट्रॉनिक डबी. हिच्यामागचा युक्तिवाद असा, की जहाजं आणि जमिनीतल्या पाइपलाइनी विजेच्या प्रवाहाने गंजापासून वाचवतात, मग गाडी का नाही? जहाज समुद्राच्या पाण्यात बुडालेलं असतं, पाइप ओल्या मातीत पुरलेला असतो. त्या पाण्यातून किंवा मातीतून प्रवाह सगळीकडे पोहोचतो. गाडी हवेत उभी असते, तिच्यावरची ओल तुटक-तुटक असते आणि प्रवाहाला वाटच नसते. अशा एका डबीच्या दाव्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकातच कारवाई केली होती. ते पैसे वाचवा आणि फवाऱ्याला लावा.

धुण्याबद्दलचे छोटे गैरसमज

“हिवाळ्यात धुतलं तर पाणी गोठून जास्त नुकसान होतं.” दारं आणि कुलुपं गोठू शकतात, खालच्या पत्र्याचा फायदाच होतो. तापमान शून्याच्या वर गेलेला दिवस साधा आणि खालून फवारा असलेलं वॉश निवडा.

“धुण्याचं पाणी पुन्हा वापरतात, म्हणजे मिठाच्याच पाण्याने धुतात.” अनेक ठिकाणी पाणी गाळून पुन्हा वापरतात हे खरं, पण शेवटचा हात सहसा ताज्या पाण्याचा असतो. शंका असेल तर नाण्यावर चालणाऱ्या वॉशमध्ये स्वतः नळी धरून चाकांच्या कमानी आणि दारांखालची बाजू धुवा.

“आता रस्त्यावर बीटचा रस टाकतात, मीठ नाही.” बीटचा रस मिठाच्या पाण्यात मिसळतात, मिठाच्या जागी टाकत नाहीत.

आणि “बर्फ गेला, संपलं.” संपत नाही. एप्रिल-मे महिन्यांत ऊन वाढतं, आत साचलेलं मीठ ओलंच असतं, आणि गंजाचा वेग तेव्हाच वाढतो. वर्षात एकदाच कसून धुणार असाल तर वसंतात धुवा. दारांच्या आणि दारांखालच्या पट्टीच्या, म्हणजे रॉकर पॅनेलच्या, खालच्या कडेला पाण्याच्या निचऱ्याची भोकं असतात, ती चिखलाने बुजलेली असतील तर मोकळी करा. कोकणात समुद्राजवळ गाडी वापरणाऱ्यांनाही ही सूचना तितकीच लागू आहे. तिथे मीठ वाऱ्याने थोडं-थोडं येतं, पण ऊब आणि दमट हवा त्याला वाळू देत नाही.

“गंजावर औषध लावलं की पत्रा पूर्ववत होतो”

टॅनिक किंवा फॉस्फरिक आम्ल असलेली द्रावणं गंजाचं रूपांतर त्यामानाने स्थिर अशा काळ्या थरात करतात. वरवरच्या गंजाला ती चालतात. पण झिजून गेलेलं पोलाद परत येत नाही. बोथट स्क्रूड्रायव्हरने ठोकल्यावर टणक आवाज आला तर घासून, औषध लावून, रंगवून भागेल. भदभद आवाज आला किंवा टोक आत शिरलं तर तो भाग कापून नवीन पोलाद वेल्ड करावं लागतं. जॅक लावायची जागा, सस्पेन्शन जोडलेली ठिकाणं किंवा चासी अशी झाली असेल, तर रंग लावून ती चालवणं हा घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ आहे.

नव्याने आलेले विद्यार्थी आणि कुटुंबं पहिली गाडी बहुधा जुनीच घेतात, म्हणून त्यांच्यासाठी शेवटी एक विनंती. ऑन्टारिओत जुनी गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नावावर करताना सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र म्हणजे तपासणीच्या दिवशी गाडी किमान निकषांत बसली, एवढंच. पुढच्या हिवाळ्याची ती हमी नव्हे. मिशिगनमध्ये तर वार्षिक तपासणीही नाही. गाडीचं पोट नुकतंच काळं रंगवलेलं दिसलं तर दुप्पट सावध व्हा. पैसे देण्याआधी गाडी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे न्या, लिफ्टवर चढवा, आणि ब्रेकच्या नळ्या, सबफ्रेम आणि चासी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विक्रेता लिफ्टवर चढवायला नाही म्हणाला, तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.